एकतीस वेळा मेलेला परेरा

आखातातल्या जुफैरच्या मॉलमधलं थिएटर. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. आमच्या रांगेच्या तोंडाशी मात्र एक गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे. त्यांच्यामागं अडकलेले आम्ही नऊ जण. त्यात एक गरोदर बाई आणि काठी टेकत आलेले एक अरब आजोबा. "यल्ला, यल्ला," आजोबांनी घाई केली. गृहस्थांनी नुसतं पडद्याकडं बोट दाखवलं. पडद्यावर नावं सरकत होती. दिवे कोणी धरले, कपडे कोणी शिवले, कुत्र्याला कोणी सांभाळलं.

"माणसांची नावं चाललीत," गृहस्थ इंग्रजीत म्हणाले. "प्लीज. रिस्पेक्ट."

हे आमचे शेजारी इनास डाबरे. आणि संतापाची गोष्ट अशी, की त्यांना सिनेमाला घेऊन येणारी मीच. गरोदर बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी अजून विसरलेले नाही.

उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये इनासकाकांचं दार आमच्या दारासमोर आहे. अकरा वर्षं झाली. काका वसईचे, भुईगावचे. वय एकसष्ट. एका हॉस्पिटलात चादरी, गाऊन, पडदे यांचं जे धुलाई खातं असतं त्याचे सुपरवायझर. बायको आणि मुली वसईला. मुलींच्या शाळेसाठी म्हणून त्या तिकडं गेल्या त्या तिकडंच राहिल्या. आता मुलींची मुलं शाळेत जातात आणि काका अजून इथंच आहेत. घरच्यांशी फोनवर ते कादोडीत, वसईच्या त्यांच्या बोलीत, बोलतात, त्यातलं मला अवाक्षर कळत नाही. माझ्याशी मात्र मराठी शाळेतल्या मास्तरांसारखं मराठी. मला ते 'मेधाबाई' म्हणतात. मी पुण्याची आणि इंजिनिअर म्हणून, की मी फटकळ म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरी टीव्ही बघायला आले की रिमोट त्यांच्या ताब्यात. कारण हल्ली सिनेमा संपतो न संपतो तोच नावं बारीक होऊन कोपऱ्यात जातात आणि पुढचं काहीतरी पाच सेकंदांत सुरू होण्याची धमकी येते. काकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "पाच सेकंद! माणूस दोन दोन वर्षं राबतो आणि त्याला पाच सेकंद देत नाहीत. हिरो झाला म्हणजे खलास? बाकीची माणसं मफी, नाहीतच?" मग रिमोटशी झटापट. त्यात आमचा रिमोट दोनदा फुटला.

हे फक्त सिनेमापुरतं असतं तर मी सोसलं असतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत नाटक झालं. सूत्रसंचालकानं प्रायोजकांचे आभार मानले, प्रमुख पाहुण्यांचे मानले, पाहुण्यांच्या पत्नीचेही मानले. पाचव्या रांगेतून काका उठले. "पडदा कोणी ओढला?" सूत्रसंचालक गडबडला. "पडदा आपोआप सरकला का? माणसाचं नाव घ्या ना." शेवटी पडदा ओढणाऱ्या केरळी गृहस्थांना स्टेजवर आणलं. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ते हात जोडून माफी मागायला लागले. आणि ज्यांनी काकांना आमंत्रण दिलं होतं त्यांना, म्हणजे आम्हाला, पुढच्या वर्षी कमिटीनं विचारलंच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आहे गस परेरा.

तुम्ही हे नाव ऐकलेलं नसणार, आणि त्याबद्दल काका तुम्हाला माफ करणार नाहीत. गस परेरा म्हणजे घोड्यांच्या सिनेमातला नट. तेच ते, धुळीचं गाव, लाकडी दारूचं दुकान, कमरेला पिस्तुलं. परेरा त्यातला हिरो नव्हता. व्हिलनही नव्हता. तो बारवाला असायचा, तारमास्तर असायचा, शवपेट्या बनवणारा सुतार असायचा आणि बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत मरायचा. सिनेमे बेचाळीस. त्यांपैकी एकतीसमध्ये मेला. पडद्यावर नाव आलं अकरा वेळा. बाकीच्यांत 'बारवाला', 'म्हातारा', आणि एका ठिकाणी 'पहिला प्रवासी' एवढंच.

हा हिशेब माझा नाही. काकांकडं दोनशे पानी वही आहे. त्यात सिनेमा, भूमिका, बोललेली वाक्यं आणि मरणाचं कारण असे चार रकाने. 'पाठीत गोळी.' 'बाण.' 'रेल्वेखाली.' 'विंचू (संशय).' आणि एका ओळीत, अक्षर रागानं कागदात रुतलेलं: 'कळलं नाही. कॅमेरा हिरोकडे गेला.'

परेराचं चरित्र मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की मी ते झोपेत म्हणून दाखवीन. पूर्ण नाव ऑगस्टीन. पोर्तुगालहून कॅलिफोर्नियात गेलेल्या गवळ्याचा मुलगा. एका शूटिंगच्या ठिकाणी दूध घालायचा. एके दिवशी छपरावरून पडायला ठरवलेला माणूस आला नाही, तर हा पडला. पडला तो बरा पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. पुढं तीस वर्षं तो पडतच राहिला. त्याच्या वाट्याला आलेलं सगळ्यात लांब वाक्य: "शेरीफ, ते सहा जण आहेत आणि तुमचा घोडा घेऊन गेलेत." हे म्हणताना त्याला गोळी लागते. काका हे वाक्य मराठीत म्हणून दाखवतात आणि आमच्या सोफ्यावर पडतात. सोफ्याची स्प्रिंग त्यातच गेली.

माझी मुलगी आर्या तेरा वर्षांची. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. ती एकदा म्हणाली, "अंकल, ही इज लिटरली नोबडी." काका उठले, चहा तसाच ठेवून गेले आणि तीन दिवस आमच्या दाराकडं बघितलं नाही. चौथ्या दिवशी दाराखालून एक कागद आत आला. परेराच्या बेचाळीस भूमिकांची यादी, आणि खाली लाल शाईत: 'हे बेचाळीस नोबडी नसते तर तुझा हिरो दारू कोणाकडून घेणार होता?'

म्हातारपणी परेरा वृद्धाश्रमात न्यूमोनियानं गेला. मागं कोणी नाही. पेपरात चार ओळी आल्या, त्यांतही नाव चुकलेलं. काकांनी ते कात्रण कुठून मिळवलं देव जाणे. पण तेव्हापासून दर वर्षी परेरा गेला त्या महिन्यात, इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा जी मराठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते, त्यात काका परेराचं नाव देतात. मृतांच्या नावांची चिठ्ठी असते, ती वाचली जाते: ऑगस्टीन परेरा यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी, इनास डाबरे यांच्याकडून. वर्षातून एकदा भरल्या चर्चमध्ये त्या माणसाचं नाव नीट उच्चारलं जातं. काकांना एवढंच हवं असतं. त्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात.

यंदा चिठ्ठ्या वाचायचं काम सॅव्हिओकडं आलं. सॅव्हिओ बँकेत असतो, राहतो लांब बुदैयाला, आणि त्याला प्रत्येक गोष्टीत आपली भर घालायची सवय. त्यानं नाव वाचलं आणि पुढं जोडलं, "आपल्या इनास अंकलचे नुकतेच निवर्तलेले आप्त."

आता इथली एक रीत सांगायला हवी. इथं नोकरी करणाऱ्यांची माणसं जातात ती तिकडं. सुट्टी मिळून, तिकीट मिळून आपण पोचेपर्यंत तिकडं सगळं उरकलेलं असतं. म्हणून ज्याचं माणूस गेलं त्याच्या फ्लॅटवर इथले वसईकर जमतात. रोझरीची जपमाळ म्हणतात, जेवण घेऊन येतात आणि गेलेल्याबद्दल बोलत बसतात. मातीला जाता येत नाही, त्याच्या बदली हे.

तर त्या दुपारी एक वाजता समोरच्या दारात वीस माणसं आणि सात पातेली. खुर्च्या आमच्या घरातून गेल्या, म्हणून मी आणि आर्याही गेलो. मला वाटलं, काका आता खुलासा करतील. काका पांढऱ्या शर्टात नुसते कोचावर बसले होते.

रोझरी झाली. मग कोणीतरी म्हणालं, "आपल्या गास गावच्या परेरांपैकी ना हे?" दुसऱ्यानं लगेच मान हलवली. "क्लॅरिनेट वाजवायचे बँडमध्ये." "थोडी घ्यायचे, पण मनानं चांगले." मार्गारेटबाई काकांच्याच हॉस्पिटलात नर्स, नाइट करून न झोपता आलेल्या. त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "लहानपणी मी विहिरीत पडले होते. ऑगस्टीनकाकांनीच काढलं मला."

माझा तोल सुटत चालला. कॅलिफोर्नियाचा गवळी आमच्या डोळ्यांदेखत वसईचा होत होता, आणि काका? काकांचा चेहरा उजळलेला. प्रत्येक जण 'ऑगस्टीन' म्हणाला की ते हळूच मान डोलवत. खोटं बोलणाऱ्याचा राग येतो, पण गप्प बसून खोटं होऊ देणाऱ्याचा मला जास्त येतो.

शेवटी सॅव्हिओनं विचारलं, "अंकल, कशानं गेले?"

काका खरं बोलणारे. "कुठल्या वेळी?" त्यांनी विचारलं. "एकदा पाठीत गोळी, एकदा बाण, रेल्वेखाली दोनदा."

मग आर्या म्हणाली, "ही वॉज ॲन ॲक्टर, सॅव्हिओ अंकल. काउबॉय मूव्हीज."

पुढं जे झालं त्याला शोकसभा म्हणता येणार नाही. सॅव्हिओ लाल झाला. "बुदैयाहून आलोय मी! हायवेला पाऊण तास जाम! पिक्चरमध्ये मेलेल्या माणसासाठी?"

"खरंच मेलाय तो," काका म्हणाले. "न्यूमोनियानं."

"मी रडले हो, इनासभाय," मार्गारेटबाई म्हणाल्या.

"मग वाया गेलं का ते? त्याच्यासाठी दुसरं कोण रडलंय?"

"आणि मला विहिरीतून कोणी काढलं मग?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यांकडं बघून विचारला.

सॅव्हिओ दारापर्यंत गेला आणि वळला. "यापुढं चिठ्ठीवर गेलेल्याचं नातं लिहायचं. नातं नसेल तर नाव वाचलं जाणार नाही. खलास." 'आप्त' हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला होता त्यानं, ते सोयीस्कर विसरला. मंडळी उठली. मार्गारेटबाईंनी आपलं पातेलं भरलेलं तसंच उचललं. दोन मिनिटांत आर्याही सटकली आणि खोलीत आमच्या खुर्च्या, काका आणि मी.

मी त्यांना धारेवर धरलं. लोकांच्या भावनांशी खेळ, देवाच्या दारात खोटेपणा, आणि तोही एका बारवाल्यासाठी. तुम्ही सुरुवातीलाच का नाही सांगितलंत? काका खुर्च्या एकावर एक रचत होते. रचून झाल्यावर म्हणाले, "बसा, मेधाबाई."

"बावीस वर्षांचा होतो. इथंच मनामात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात कामाला. पासपोर्ट मालकाकडं, मालक बाहेरदेशी. तार आली. वडील वारले, माती आज चार वाजता. कशानं वारले, तारेत नव्हतं. मी दुकानात एकटा. गिऱ्हाइकांसाठी घोड्यांचा पिक्चर लावलेला. बंद करावा म्हणून उठलो, तर पडद्यावर एक म्हातारा मेला होता. ओळखपाळख नसलेली सात-आठ माणसं टोप्या काढून खड्ड्याभोवती उभी. मीपण उभा राहिलो. तिथं मला रडायला आलं. नंतर कॅसेट पुढं नेली, म्हाताऱ्याचं नाव बघायला. नावच नव्हतं. शोधायला चार वर्षं लागली."

"नंतर घरी गेलात तेव्हा?"

"दोन वर्षांनी गेलो. आई म्हणाली, झालं ते झालं, आता काढू नको. मी काढलं नाही." त्यांनी रचलेली एक खुर्ची उगाच सरळ केली. "तेव्हा इथं आपली माणसं होतीच किती? माझ्याकडं कोणी आलं नाही. आज वीस आली. पातेली घेऊन आली. मला वाटलं, बसू दे थोडा वेळ. मग सांगू."

मला कोणावर चिडावं ते कळेना, आणि चिडल्याशिवाय मला राहवत नाही. त्या मालकावर चिडले, त्या तारेवर चिडले. अकरा वर्षांत या माणसाला त्याच्या वडिलांबद्दल एक प्रश्न न विचारणाऱ्या माझ्यावर सगळ्यात जास्त चिडले. हे कोणाला सांगू नका, असं काका म्हणाले. चार दिवसांनी खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, अंडी घेताना मार्गारेटबाई भेटल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वडिलांचं नाव काय त्यांच्या?" मला माहीत नव्हतं. "मी काढते," त्या म्हणाल्या आणि अंडी न घेताच गेल्या.

पुढच्या मराठी मिस्सेला मीही गेले. कधी उठायचं, कधी बसायचं ते कळत नव्हतं, म्हणून शेवटच्या बाकावर. सॅव्हिओ कागद घेऊन उभा राहिला. "सायमन डाबरे यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी. इनास डाबरे यांचे वडील. मराठी समूहाकडून." तिसऱ्या बाकावर काकांची मान झटक्यात वर झाली. सॅव्हिओनं पुढचं नाव वाचलं. "ऑगस्टीन परेरा यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी." इथं तो अडखळला, कारण नातं लिहायचा नियम त्याचाच. घसा साफ करून म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे."

त्या दुपारी पुन्हा वीस माणसं आणि सात पातेली. चाळीस वर्षं उशिरा, पण आली. काका दारातच ओरडायला लागले. हे काय चालवलंय, मी कोणाला बोलावलं नव्हतं, मेधाबाईंच्या तोंडाला कुलूप का नाही. कोणी लक्ष दिलं नाही. रोझरी झाली. मग मार्गारेटबाईंनी फोन काढून वसईला आईला लावला आणि काकांसमोर धरला. पडद्यावर अर्धा चेहरा, अर्धं छत.

"इनास ना तू? सायमनचा?" आजी म्हणाल्या. "मी होते रे त्याच्या मातीला. चर्चचं अंगण भरलेलं. आदल्या दिवशी वाडीत पाणी लावून आला, छातीत दुखतं म्हणाला, आणि पडला तो पडला. त्रास नाही झाला त्याला."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "पेटी कोणी उचलली?"

"पुढं तुझा मामा आणि चुलता. मागं जॉनी सुतार. चौथी जागा तुझी होती. तू नव्हतास. मग आमचा फिलिप पुढं झाला. तुझ्या वर्गात होता ना तो?"

"फिलिप तुस्कानो?" काकांनी मार्गारेटबाईंकडं बघितलं. "तू फिलिपची बहीण?"

"लग्नानंतर आडनाव बदललं, इनासभाय. एकाच हॉस्पिटलात वीस वर्षं आहोत. माहेरचं नाव कधी विचारलंत?"

जगातल्या प्रत्येक शिंप्याचं, सुताराचं नाव विचारणाऱ्या माणसानं हे एक नाव विचारलं नव्हतं. मग ते भडकले. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात का, कोणी कोणाला काही सांगतच नाही, चाळीस वर्षं मी समजत होतो की माझी जागा रिकामीच राहिली.

"आहे कुठं तो आता?"

"भुईगावातच, त्याच्या घरी," मार्गारेटबाई म्हणाल्या. "बोटीवरची नोकरी सोडून दहा वर्षं झाली. गुडघे गेलेत त्याचे."

"लाव त्याला फोन."

मार्गारेटबाईंनी लावला. तिकडून एक जाडसर आवाज आला, "हॅलो. कोण?" काकांनी तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. सॅव्हिओनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडून फिलिप विचारत होता, कोण बोलतंय, अरे कोण बोलतंय, आणि इनासकाकांना स्वतःचं नाव सांगता येईना.